स्क्रिथ: न तुटणाऱ्या पदार्थाचा एक हिशेब

१९७० साली लॅरी निव्हन या अमेरिकी लेखकाची 'रिंगवर्ल्ड' ही कादंबरी आली. सूर्यासारख्या एका ताऱ्याभोवती कुणीतरी फार पूर्वी एक प्रचंड कडं बांधून ठेवलंय, एवढीच तिची मूळ कल्पना. कड्याची त्रिज्या सुमारे १५ कोटी ३० लाख किलोमीटर, म्हणजे पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर आहे त्याहून थोडी जास्त. रुंदी सुमारे १६ लाख किलोमीटर. आतल्या, ताऱ्याकडे तोंड असलेल्या बाजूवर माती, जंगलं, समुद्र आणि हवा. दोन्ही काठांना सुमारे १,६०० किलोमीटर उंचीच्या भिंती, म्हणजे हवा बाहेर सांडणार नाही. राहण्याजोगी जमीन पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या जवळपास ३० लाख पट, आणि सगळ्याचं वस्तुमान साधारण गुरू ग्रहाइतकं.

माणसाला या जमिनीवर उभं राहता यावं म्हणून कडं स्वतःभोवती फिरत राहतं, सेकंदाला सुमारे १,२०० किलोमीटर वेगानं. त्यामुळे आतल्या बाजूवर पृथ्वीसारखंच वजन जाणवतं.

हे सगळं ज्यावर उभं आहे त्या तळाच्या पदार्थाला या मालिकेत 'स्क्रिथ' म्हणतात. विज्ञानकथांत न तुटणाऱ्या, न वितळणाऱ्या, कशालाच दाद न देणाऱ्या पदार्थांची नावं डझनावारी आहेत. त्यातून मी स्क्रिथ निवडला, कारण या शब्दावर वाचकांनी जितकी जाहीर तपासणी केली तितकी फार थोड्या काल्पनिक शब्दांच्या वाट्याला आली असेल. एका शब्दाला एक काम दिलं गेलं. ते त्यानं चोख केलं. तरीही त्याच्यावर बांधलेलं जग डळमळीत निघालं. हे कसं झालं, ते सविस्तर बघण्यासारखं आहे.

कड्यावर येणारा ताण

फिरणाऱ्या कड्याचा प्रत्येक तुकडा सरळ रेषेत निसटून जायला बघतो. त्याला वळवून धरायचं काम त्याच्या दोन्ही बाजूंचे तुकडे करतात, आणि त्यापायी कड्यात सगळीकडे ताण निर्माण होतो. इथे पहिला विचार येतो तो असा, की कडं जाड केलं तर ते टिकेल. तसं होत नाही. जाडी दुप्पट केली की ताण पेलणारा छेद दुप्पट होतो, पण खेचलं जाणारं वस्तुमानही दुप्पट होतं. दोन्ही एकमेकांना कापतात. जाडी हिशेबातून निघूनच जाते. उरतात दोनच गोष्टी: पदार्थ किती ताण सहन करतो आणि त्याची घनता किती. या दोहोंच्या भागाकारावर सगळं ठरतं.

अभियंते हा भागाकार एका सोप्या लांबीत मांडतात, तिला ब्रेकिंग लेंग्थ म्हणतात. पृथ्वीइतक्या गुरुत्वाकर्षणात एखाद्या पदार्थाचा दोर नुसता लटकवला, तर किती लांब झाल्यावर तो स्वतःच्याच वजनानं तुटेल, ती लांबी. उत्तम प्रतीच्या पोलादी तारेची ताकद २ गिगापास्कल धरली तर ही लांबी साधारण २६ किलोमीटर येते. केवलार या गोळीरोधक जाकिटांतल्या धाग्याची २५० किलोमीटरच्या आसपास. कार्बन नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अणूंची अतिसूक्ष्म नळी; तिची आदर्श, एकही दोष नसलेल्या नळीची ताकद घेतली तर सुमारे ५,००० किलोमीटर; प्रत्यक्षात विणलेले दोर त्याच्या बरेच खाली राहतात.

आता यातली सुंदर गोष्ट. पृथ्वीइतकं वजन जाणवेल अशा वेगानं फिरणाऱ्या कड्याचं गणित मांडलं, तर लागणारी ब्रेकिंग लेंग्थ नेमकी कड्याच्या त्रिज्येइतकी येते. वेगळा गुणांक नाही, काही जोडायचं नाही. म्हणजे पोलादाचं कडं जास्तीत जास्त २६ किलोमीटर त्रिज्येचं होऊ शकतं, तेही त्याच्यावर मातीची एक टोपली न टाकता. रिंगवर्ल्डला जो पदार्थ लागतो त्याचा १५ कोटी ३० लाख किलोमीटर लांबीचा दोर स्वतःच्या वजनाखाली तुटता कामा नये. आदर्श नॅनोट्यूबच्या तुलनेत हे ३० हजार पट झालं. शिवाय वरचे समुद्र आणि डोंगर हा निव्वळ ओझ्याचा भाग आहे, तो ताण पेलायला काहीच मदत करत नाही. त्यामुळे खरी गरज याहून जास्तच.

ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण कड्याला आत धरून ठेवणार नाही का, असं कुणाला वाटेल. इतक्या अंतरावर सूर्याचं खेचणं पृथ्वीवरच्या गुरुत्वाच्या दीड हजाराव्या हिश्श्याहूनही कमी असतं. पृथ्वी याच अंतरावर सेकंदाला ३० किलोमीटर वेगानं फिरते आणि सूर्य तिला बरोबर तेवढ्यापुरता धरून ठेवतो. कडं फिरतंय १,२०० किलोमीटरनं. त्याला धरून ठेवायला ताऱ्याचा काडीचाही उपयोग नाही, सगळा भार स्क्रिथवर.

निव्हननं दिलेलं उत्तर

बहुतेक लेखक इथे एखादं भारदस्त विशेषण वापरून पुढे जातात. निव्हननं माप दिलं: अणूचं केंद्रक ज्या बलानं एकत्र राहतं, साधारण त्या तोलाची स्क्रिथची ताकद.

हे वाक्य मी सुरुवातीला केवळ थाटाचं समजून वाचलं असतं, पण आकडे मांडले की ते किती नेमकं आहे हे दिसतं. ताकद आणि घनतेच्या भागाकाराचं एकक आणि दर किलोग्रॅममागे साठलेल्या ऊर्जेचं एकक एकच असतं. त्यामुळे दोहोंची थेट तुलना करता येते. रासायनिक बंधांच्या जिवावर उभ्या असलेल्या कुठल्याही पदार्थाची, म्हणजे आपल्याला ठाऊक असलेल्या सगळ्या घन पदार्थांची, धाव दर किलोग्रॅमला काही कोटी ज्यूलपर्यंत. आदर्श नॅनोट्यूब तिथे ५ कोटींवर उभी आहे, आणि ती जवळपास शेवटची पायरी आहे, कारण कार्बन-कार्बन बंधाहून फार बळकट बंध निसर्गात नाहीतच. रिंगवर्ल्डला लागतात दीड लाख कोटी ज्यूल. केंद्रकातल्या कणांना बांधून ठेवणारी ऊर्जा काढली तर ती दर किलोग्रॅमला सुमारे ७७० लाख कोटी ज्यूल भरते.

म्हणजे कड्याची गरज रासायनिक बंधांच्या आवाक्याच्या हजारो पट पलीकडे आणि केंद्रकीय बंधांच्या आवाक्यात आरामात, साधारण पाचशेव्या हिश्श्यावर. या दोन टोकांच्या मध्ये कड्याला पुरेल असं स्थिर, घट्ट पदार्थाचं दुसरं उदाहरण आपल्याला ठाऊक नाही. मधली पायरी नसल्यामुळे लेखकाला केंद्रकाच्या बलाशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि त्यानं नेमकं तेच निवडलं. काल्पनिक शब्दाला आकडा चिकटवणं म्हणजे काय, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

याच्याही वर एक छत आहे. कुठल्याही पदार्थाच्या ताकद-घनतेच्या भागाकाराला सापेक्षता सिद्धांत प्रकाशवेगाच्या वर्गाची मर्यादा घालतो. पूर्णपणे ताठर, जराही न लवणारी वस्तू त्या सिद्धांतात बसतच नाही. तशी काठी असती तर तिचं एक टोक ढकलल्याबरोबर दुसरं टोक त्याच क्षणी हललं असतं आणि निरोप प्रकाशापेक्षा वेगानं गेला असता. त्यामुळे 'कधीच, कशानंही न वाकणारा पदार्थ' हा शब्दप्रयोग भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं पोकळ आहे. स्क्रिथ या छताच्या ६० हजाराव्या भागावर राहतो. तो अतर्क्य बळकट आहे, पण निषिद्ध नाही. बळकट आणि निषिद्ध यांतला हा फरक अशा शब्दांचं मोल ठरवताना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

बाकीच्या शब्दांशी ताडून बघितलं की हे आणखी लक्षात येतं. मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये १९६६ साली व्हायब्रेनियम आलं आणि १९६९ साली ॲडमँटियम. व्हायब्रेनियम कंपनं शोषून घेतं, हे निदान एक ठरावीक काम झालं. ॲडमँटियमबद्दल वाचकाला सांगितलं जातं ते एवढंच, की एकदा घट्ट झालं की त्याला काही होत नाही, आणि आकार द्यायचा तो घट्ट होण्याआधीच्या थोड्या वेळात द्यावा लागतो. ही दुसरी अट मला आवडते. न तुटणाऱ्या प्रत्येक पदार्थाला पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे: मग त्याला कापलं कशानं, वाकवलं कसं? ॲडमँटियमकडे निदान त्याचं उत्तर आहे. तो किती ताण सोसतो याचं मात्र नाही, आणि म्हणून त्याच्यावर पूल किंवा कडं बांधायचा हिशेब करायला बसलं तर हाताला काही लागत नाही. विमान आणि अवकाश क्षेत्रातले अभियंते १९५०च्या दशकापासून 'अनऑब्टेनियम' हा शब्द वापरत आले आहेत: कामाला अगदी हवा तसा, फक्त मिळत नाही असा पदार्थ. अभियंत्यांच्या बोलण्यातला असला तरी मला तो या कुळातला सगळ्यात प्रामाणिक शब्द वाटतो, कारण तो उणीव कुठे आहे ते सरळ दाखवतो.

न्यूट्रिनो आणि भोक पडलेला डोंगर

ताकदीचा आकडा देऊन निव्हन थांबला नाही. स्क्रिथमधून जाणारे ४० टक्के न्यूट्रिनो अडतात, असं कादंबरीत येतं. न्यूट्रिनो म्हणजे पदार्थाला जवळजवळ न जुमानणारे कण. त्यातले निम्मे अडवायचे तर सुमारे एक प्रकाशवर्ष जाडीचं शिसं लागेल. सूर्यातून निघालेले असे कण पृथ्वीवर दर चौरस सेंटिमीटरमागे सेकंदाला सुमारे ६,५०० कोटी येतात आणि आरपार निघून जातात. कड्याचा तळ त्यातले ४० टक्के गिळतो म्हटल्यावर हा पदार्थ अणूंची साधी रचना नाही, याची खूण वाचकाला पटते. ताकदीबद्दल केलेला दावा इथे दुसऱ्या, स्वतंत्र गुणधर्मातूनही डोकावतो. एकाच असामान्य कारणाचे दोन परिणाम दाखवले की बनावट पदार्थ खरा वाटायला लागतो.

यातून तळ तापेल का, हेही मी करून बघितलं. सूर्याच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २ टक्के न्यूट्रिनोंबरोबर जाते. त्यातली ४० टक्के अडली तर दर चौरस मीटरला दहा-बारा वॅट. उन्हाचे हजाराच्या वर वॅट पडत असताना ही भर नगण्य. गुणधर्म नाट्यमय आहे, पण जग भाजून काढणारा नाही.

आणि मग तो डोंगर. 'फिस्ट ऑफ गॉड' नावाचा हा डोंगर इतका प्रचंड आहे की पृथ्वीवरच्या कुठल्याच शिखराशी त्याची तुलना करता येत नाही. त्याचा माथा हवेच्या थराच्या कितीतरी वर निघालेला आहे. माथ्यावर बर्फ नाही, दगड नाही, नुसता उघडा चकचकीत स्क्रिथ. कादंबरीतल्या मंडळींना बराच काळ त्याचा अर्थ लागत नाही. शेवटी उलगडतं की हा डोंगरच नव्हे. कधीतरी एक मोठा अवकाशातला गोळा कड्यावर खालच्या बाजूनं येऊन आदळला. स्क्रिथ ताणला गेला, वर उचलला गेला, शंकूसारखा ओढला गेला आणि टोकाला फाटला. माथ्यावर आरपार भोक आहे. ते हवेच्या वर असल्यामुळे त्यातून हवा निसटून गेली नाही, आणि म्हणून आसपासचं जग वाचलं. कथेतली मंडळी आपलं मोडकं यान याच भोकातून बाहेर काढतात.

या प्रसंगामुळे स्क्रिथ माझ्या नजरेत इतर सगळ्या काल्पनिक पदार्थांच्या पुढे जातो. न तुटणारा म्हणून ज्याची ओळख करून दिली तो पदार्थ फाटतो, आणि कसा फाटतो तेही दिसतं. काचेसारखे तुकडे होत नाहीत. तो धातूसारखा आधी लांबतो, पातळ होतो आणि मग तुटतो. अभियंते ज्याला तन्यता म्हणतात ती त्याच्यात आहे. कड्याचं खालचं अंग बाहेरून बघितलं तर तिथेही हेच दिसतं: वरच्या समुद्रांच्या जागी खाली फुगवटे, वरच्या डोंगरांच्या जागी पोकळ्या, जणू सगळा भूगोल मुखवट्याच्या आतल्या बाजूनं पाहतोय. जमीन उभारली ती तळाला आकार देऊन; माती वर फक्त पसरली.

निव्हनच्या याच कथाविश्वात दुसराही असाच एक पदार्थ आहे, जनरल प्रॉडक्ट्स नावाच्या कंपनीची यानांची कवचं. त्यांची जाहिरातच अशी, की त्यांना काहीही भेदू शकत नाही. 'न्यूट्रॉन स्टार' या १९६६च्या कथेत अशा कवचातले प्रवासी मेलेले सापडतात. कवचाला ओरखडाही नाही, पण न्यूट्रॉन ताऱ्याजवळच्या भरती-ओहोटीच्या बलानं आतल्यांचा चेंदामेंदा झालेला. पुढे 'फ्लॅटलँडर' या कथेत प्रतिद्रव्याच्या, म्हणजे साध्या पदार्थाशी गाठ पडताच दोघांनाही नष्ट करणाऱ्या द्रव्याच्या, संपर्कात आल्यावर कवचच विरून जातं. दोन्हीकडे तीच पद्धत: पदार्थ अभेद्य आहे असं सांगायचं, आणि मग त्या दाव्याच्या कडेला जाऊन काय सुटलंय ते शोधायचं. स्क्रिथच्या बाबतीत मात्र सुटलेली गोष्ट लेखकानं शोधली नाही. ती वाचकांनी शोधली.

बॉस्टन, १९७१

सप्टेंबर १९७१ मध्ये बॉस्टनला विज्ञानकथांचं जागतिक संमेलन भरलं होतं. त्याच संमेलनात 'रिंगवर्ल्ड'ला ह्यूगो हा विज्ञानकथांचा मानाचा पुरस्कार मिळाला. तिथल्या हॉटेलच्या बोळांतून एमआयटी या तिथल्या नामांकित तंत्रज्ञान विद्यापीठाचे विद्यार्थी घोषणा देत फिरत होते: रिंगवर्ल्ड अस्थिर आहे! हा प्रसंग निव्हननंच पुढच्या खंडाच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवलाय.

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्याचं मूळ शंभर वर्षांहून जुनं आहे. शनीची कडी घन आहेत का, या प्रश्नावर लाप्लास या फ्रेंच गणितज्ञानं अठराव्या शतकाच्या अखेरीस काम केलं होतं, आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञानं १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात सिद्ध केलं की एकसारखं घन कडं ग्रहाभोवती स्थिर राहूच शकत नाही. मॅक्सवेलचा निष्कर्ष असा, की शनीची कडी असंख्य सुट्या तुकड्यांची असली पाहिजेत, आणि तो खरा ठरला. शनीला जे लागू तेच ताऱ्याला लागू.

कारण असं. कड्याचा मध्य ताऱ्यावर अगदी बरोबर असेल तर सगळीकडून ओढ सारखी असते आणि कडं जागच्या जागी राहतं. आता ते स्वतःच्या प्रतलात किंचित सरकलं असं धरा. एक बाजू ताऱ्याजवळ येते, दुसरी लांब जाते. जवळ आलेल्या बाजूवरची ओढ वाढते आणि तिला आणखी जवळ खेचते. ग्रह थोडा सरकला तर त्याची कक्षा जरा बदलते, इतकंच. कड्याला परतवणारं काहीच नाही. गंमत म्हणजे प्रतलाच्या लंब दिशेनं कडं सरकलं तर तारा त्याला परत ओढतो, ते फक्त वरखाली झुलत राहतं. धोका आहे तो आडव्या दिशेनं.

किती लवकर? सरकण्याचा वेग तारा आणि अंतर यांवरून निघतो. सूर्याएवढा तारा आणि पृथ्वीएवढं अंतर घेतलं तर सरकलेलं अंतर दर दोन महिन्यांच्या आसपास दुप्पट होतं. फक्त एक किलोमीटरच्या चुकीपासून सुरुवात केली तरी साधारण चार-साडेचार वर्षांत कडं ताऱ्याला टेकायला येईल. मोठी उल्का, ताऱ्यावरचं वादळ, समुद्रातल्या पाण्याची हालचाल, सुरुवातीला कुठलंही निमित्त पुरे.

आता या हिशेबात स्क्रिथ शोधा. तो कुठेच नाही. ताकद, घनता, जाडी, न्यूट्रिनो, यातलं काहीच त्या समीकरणात येत नाही. कड्याचं स्वतःचं वस्तुमानसुद्धा, ते ताऱ्याच्या मानानं क्षुल्लक असल्यामुळे, गळून पडतं. स्क्रिथ हजारपट बळकट केला, लाखपट केला, तरी दर दोन महिन्यांनी दुप्पट. पदार्थ तुटेल का, हा प्रश्न होताच कुठे. अख्खं, शाबूत, न तुटलेलं कडं ताऱ्यात जाऊन पडणार. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथेच आहे. न तुटणाऱ्या पदार्थाचं नाव एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर म्हणून जन्माला येतं, आणि एकदा ते उच्चारलं की लेखक आणि वाचक दोघांनाही वाटायला लागतं की बांधकामाचे सगळेच प्रश्न मिटले.

दुरुस्ती

जवळपास दहा वर्षांनी आलेल्या 'द रिंगवर्ल्ड इंजिनियर्स' या पुढच्या खंडात निव्हननं उत्तर दिलं. काठाच्या भिंतींवर ठरावीक अंतरावर प्रचंड इंजिनं बसवलेली होती, ती तारकीय वाऱ्यातला, म्हणजे ताऱ्यातून सतत बाहेर पडणाऱ्या कणांच्या झोतातला, हायड्रोजन गोळा करून जाळत आणि कडं मध्यावर ढकलून ठेवत. मग कड्यावरच्या एका संस्कृतीनं ती काढून आपल्या यानांना लावली. कडं सरकायला लागलं, आणि कादंबरीचं कथानकच त्यावर उभं राहिलं. वाचकांचा आक्षेप खोडून न काढता त्याचीच कथा करणं, याला मोठं मन लागतं आणि कारागिरीही.

त्याच प्रस्तावनेत दुसऱ्या एका आक्षेपाचाही उल्लेख आहे. फ्लोरिडातल्या एका शाळेतल्या वर्गानं दाखवून दिलं की काही हजार वर्षांत कड्यावरची सगळी सुपीक माती समुद्रात वाहून जाईल. पृथ्वीवर हे का होत नाही? पावसानं झिजलेली माती समुद्रतळाशी जाते, तिथे तिचा खडक बनतो आणि भूपट्टांच्या हालचालींत तो पुन्हा वर उचलला जातो. स्क्रिथच्या तळाखाली काही हलतच नाही. त्यामुळे निव्हनला समुद्रतळाचा गाळ उपसून पाइपांनी काठाच्या भिंतीवरून परत आत टाकायची सोय करावी लागली. हा गाळ भिंतीच्या पायथ्याशी साचून डोंगर होतो आणि तिथून नद्यांबरोबर पुन्हा पसरतो. हा आक्षेप मला अस्थिरतेच्या आक्षेपापेक्षाही जास्त आवडतो. त्यात स्क्रिथचा दोष त्याच्या गुणातूनच निघतो: जमीन टिकते, कारण तळ हलत नाही, आणि माती टिकत नाही, तीही तळ हलत नाही म्हणूनच.

याच गुणाचा तिसरा परिणाम निव्हननं आपणहून पाहिला होता. कड्यावर खाणी नाहीत. खोदत गेलं की थोड्याच खोलीवर स्क्रिथ लागतो आणि त्याच्या खाली पोकळी. लोखंड, तांबं, कथील, काहीच सापडणार नाही. पृथ्वीवर साम्राज्यं बुडाली तरी पुढच्या माणसांना डोंगरात खनिज मिळत राहिलं आणि पुन्हा सुरुवात करता आली. कड्यावर यंत्रं बंद पडली, शहरं कोसळली, की परत उभं राहायला कच्चा मालच नाही. कादंबरीभर दिसणारी खचलेली, मागे गेलेली माणसं त्याचीच फळं भोगत असतात. अभेद्य तळाचा सगळ्यात क्रूर परिणाम हाच, आणि त्याचा ताकदीच्या आकड्याशी काही संबंध नाही.

हा शब्द कुठून लागायला लागतो

ब्रेकिंग लेंग्थचं गणित हाताशी असलं की फिरणाऱ्या कुठल्याही कड्याला बनावट पदार्थ लागतो की नाही हे चटकन ठरवता येतं. १९७५ साली अभ्यासल्या गेलेल्या स्टॅनफर्ड टोरस या चक्राकार अवकाश-वसाहतीच्या आराखड्याचा व्यास १.८ किलोमीटर होता. त्याला साधे धातू पुरतात, कारण पोलादाला २६ किलोमीटरपर्यंत मुभा आहे. फॉरेस्ट बिशप यांनी १९९७ साली मांडलेलं १,००० किलोमीटर त्रिज्येचं कडं पोलादाच्या आवाक्याबाहेर, पण कार्बन नॅनोट्यूबच्या आवाक्यात. 'हेलो' या व्हिडिओ गेममधलं कडं १०,००० किलोमीटर व्यासाचं, म्हणजे त्रिज्या ५,००० किलोमीटर. नॅनोट्यूबची आदर्श मर्यादा तिथेच येऊन संपते. त्यापुढे एक पाऊल टाकलं की खरा पदार्थ संपतो आणि नवं नाव शोधावं लागतं.

इयन बँक्स यांच्या कथांमधली 'ऑर्बिटल' नावाची कडी या सीमेच्या पलीकडे आहेत, साधारण ३० लाख किलोमीटर व्यासाची. त्यांना लागणारी ताकद आदर्श नॅनोट्यूबच्या तीनशे पट. पण ही कडी ताऱ्याला वेढत नाहीत. ताऱ्यापासून लांब, एखाद्या ग्रहासारखी त्याच्याभोवती फिरतात, आणि त्यांच्या मधोमध काहीच नाही. मॅक्सवेलचा आक्षेप त्यांना लागू पडत नाही, काठावर इंजिनंही लागत नाहीत. व्यास एवढा कमी केल्यावर एका फेरीला जवळपास एक दिवस लागतो, आणि कडं ताऱ्याच्या दिशेनं जरा कललेलं ठेवलं की रात्र आणि दिवस आपोआप मिळतात. रिंगवर्ल्डवर मात्र सूर्य कायम डोक्यावरच असतो. त्यामुळे रात्र व्हावी म्हणून निव्हनला आतल्या बाजूला वीस प्रचंड पडद्यांची दुसरी माळ फिरवावी लागली, आणि ते पडदे जोडायला आणखी एक जवळपास न तुटणारी तार.